हलू नका

नाव हसाजी, आणि हसायला मनाई.
हसाजी बंदाजी किहीमकर, मूळचे तेलाच्या घाण्यावरचे,
ठाण्याहून काचा भाताच्या तुसात पुरून
बैलगाडीनं अकलोलीला आले,
कुंडांच्या वरच्या अंगाला खोली बांधली,
उत्तरेकडचं छप्पर काचेचं.
दारावर पाटी : दरबारी फोटोग्राफर.
दरबार म्हणजे डोंगरापलीकडचं एवढंसं संस्थान.
थोरले सरकार दर पौषात खरूज घेऊन यायचे
आणि महिनाभर ऊन पाण्यात गळ्याइतके बसायचे.
शनवारी कॅमेऱ्यावर फडकं. त्या दिवशी सरकारांनाही नाही.

माझं काम अंडी फोडायचं.
पांढरं मास्तरांच्या कागदाला, पिवळं माझ्या पोटाला.
धर्मशाळेतले भटजी नाक धरून जायचे,
आणि मुंज झाली की नातवाला घेऊन
त्याच कागदावर उमटायला यायचे.
मास्तर म्हणायचे, बारक्या, गंधक ही चांदीची सवत.
चुकीच्या गावात दुकान मांडलंय.
पण अंग शेकायला गिऱ्हाईक इथंच येतं, त्याला काय करू?

त्या वर्षी धाकट्या बाईसाहेब आल्या.
चौघींनी पडदा धरला. मला आत घेतलं,
मिसरूड नव्हती म्हणून.
मानेमागं लोखंडी चिमटा. हलू नका.
मी मोजायचो, एक ते अकरा.
आडात पोहरा सोडून वाट बघावी
तशा त्या भिंगात बघत होत्या.

आत, पिवळ्या कंदिलाशी, काच धुतली.
काचेत सगळं उलटं. केस चुन्याचे, चेहरा काजळाचा,
आणि त्या काजळावर आणखी काजळ, तीन ठिकाणी :
ओठाच्या कडेला, हनुवटीखाली, डाव्या कानापाशी.
मी पडद्याआडून पुन्हा बघून आलो.
बाईंच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.
"काचेला आधी दिसतं," मास्तर हळू बोलले.
"शहापूरच्या सराफाच्या पोरीचं दिसलं होतं.
दिवाळीला कोड फुटलं."

बाहेर जाऊन म्हणाले, बाईसाहेब, आपण हललात.
नाही हलले.
दुसरी काच. हललात.
नाही.
तिसरीला त्या थोडा वेळ गप्प बसल्या.
मग म्हणाल्या, हलले असेन.

चौथी काच मास्तरांनी रात्रभर
चाकूच्या टोकानं खरवडली.
सकाळी बाई गुळगुळीत.
सरकारांकडून शालजोडी आली. मास्तरांनी ती
काचा गुंडाळायला घेतली.

पुढच्या पौषात पडदा तोच, धरणाऱ्या त्याच.
आत बसलेल्या बाई दुसऱ्या.
कुणी काही विचारलं नाही. चिमटा लागला, मी मोजू लागलो
आणि सातावर अडकलो.
मास्तर ओरडले, आठ!

कागद सगळे गेले. गंधकानं खाल्ले.
सरकार पिवळे, भटजींचा बटू पिवळा,
घोडा कुठला आणि भिंत कुठली कळेना.
मास्तर मुलीकडं पनवेलला गेले, पाटी इथंच सोडून.
तिचं मी चुलीपुढं बसायला पाट केलं.
आता कुंडावर लोकांचे पंचे सांभाळतो.

ती पहिली काच मला फोडायला दिली होती.
मी मागं जाऊन औषधाची रिकामी बाटली आपटली.
आवाज पुरेसा झाला.
काच तुसात आहे. कधी काढतो,
मागं काळं फडकं धरतो, उलटं सुलटं होतं,
बाई समोर येतात, डागांसकट,
खांद्यामागं चिमट्याचा लोखंडी पाय,
पापणीचा केस न केस मोजून घ्यावा.

हलल्या नव्हत्या.